वीस मिनिटांचे अरण्य

पचमढीला उतरलेल्या प्रवाशापुढे पहिल्याच संध्याकाळी एक यादी येते. मुक्कामाच्या जागी ती भिंतीवर टांगलेली असते, आणि जीपवाला तर ती पाढ्यासारखी म्हणून दाखवितो : हांडी खोह, प्रियदर्शिनी पॉइंट, राजेंद्रगिरी, रीछगड, धूपगड. यादीच्या अखेरीस, एका दिवसात इतके पॉइंट आणि त्यांचे इतके रुपये, असा हिशेब असतो. हे काही सातपुड्याचेच वैशिष्ट्य नव्हे. माथेरान, महाबळेश्वर, चिखलदरा, कोठेही जा, डोंगर आपल्यापुढे येतो तो या मोजणीच्या रूपानेच. 'पॉइंट पाहणे' हा प्रयोग मराठीत आता इतका मुरला आहे की त्याला पर्याय सुचविणारा मनुष्य शुद्धिवादी ठरावा. मला तसा पर्याय सुचवावयाचा नाही. स्टेशन, टेबल, कोट हे शब्द आपण पचविले, तसाच हाही पचविला. माझी तक्रार वेगळी आहे. भूमितीतल्या बिंदूला जशी लांबी-रुंदी नसते, तशीच या पॉइंटाला वाट नसते. जेथे उतरलो तेथेच पाहिले, आणि पाहून झाल्यावर पुन्हा गाडीत बसलो. मधले अरण्य नाहीसे झाले.

सुदैवाने पचमढीत अजून काही थोड्या जागा अशा उरल्या आहेत, की जेथे गाडी कड्यापर्यंत जात नाही. रजत प्रपात ही त्यांपैकी एक. अप्सरा विहाराच्या अलीकडे गाडी सोडावी लागते. तेथून झाडीतून उतरत जाणारी पायवाट एका कुंडापर्यंत नेते, आणि कुंडापासून आणखी थोडे चालून गेले की जमीन संपते. ज्या ओढ्याच्या सोबतीने आपण आलो, तोच ओढा पलीकडे कड्यावरून खाली दरीत पडताना दिसतो. मध्यम चालीने सारे मिळून वीस-पंचवीस मिनिटांचे अंतर. (कुंडाला अप्सरांचे नाव कसे पडले याविषयी वाटाडे सांगतात की गोऱ्या मडमा येथे स्नानास येत, आणि लोकांना त्या अप्सराच वाटल्या. इंग्रज त्यास परीचे कुंड म्हणत असत, हे पाहता नाव त्यांचे आणि कथा मागाहूनची, असेही असू शकेल.)

मी गेलो तेव्हा महाशिवरात्र होऊन दोन दिवस झाले होते. मराठी माणसाच्या ओळखीचे रान हे बहुधा सागाचे. फेब्रुवारी सरता सरता ते उघडेबोडके होते, आणि वाळलेल्या मोठ्या पानांवरून पाऊल टाकले की कडकड असा आवाज दूरवर जातो. पचमढीच्या पठारावर मात्र साल आहे. साल सागासारखा पुरता निष्पर्ण होत नाही; जुनी पाने गळत असतानाच नवी येत असतात, त्यामुळे उन्हाळ्याच्या तोंडावरही वाटेवर सावली असते. पठार उतरू लागले की पुन्हा साग भेटतो. दोन वृक्षांच्या राज्यांमधली ही सीमा नकाशावर पाहून कळत नाही. ती पायांखालच्या आवाजावरून कळते. वाटेच्या पहिल्या टप्प्यात जांभूळ, हिरडा, चारोळी; मग जसजसा ओलावा वाढतो तसतसे नेचे दिसू लागतात. पचमढीच्या घळींतून वृक्षाएवढे वाढणारे नेचेही आढळतात, आणि वनस्पतिशास्त्राचे विद्यार्थी केवळ त्यांच्यासाठी दूरदूरच्या विद्यापीठांतून येथे येतात. एका वळणावर वरच्या फांदीतून शेकरू गेले. भीमाशंकरच्या रानात ज्याच्यासाठी मान वर करून तासन् तास उभे राहावे, ते येथे अनपेक्षितपणे भेटले. मला परगावी गावचे माणूस भेटल्यासारखे वाटले.

या वाटेवर दरी दिसण्याच्या पुष्कळ आधी ऐकू येते. पाण्याचा आवाज प्रथम डावीकडून येतो, मग झाडी दाट झाली की बंद होतो, मग एकदम पायाखालून आल्यासारखा वाटतो. डोळ्यांना काही दिसलेले नसते. कान मात्र आधीच पुढे जाऊन पोहोचलेले असतात. आणि पाय आपले काम करीत असतात, ज्याकडे आपण लक्ष देत नाही : ते उतार मोजीत असतात. पाच-पन्नास पायऱ्या, मग निसरडा खडक, मग पुन्हा पायऱ्या. आदल्या दिवशी मी हांडी खोहच्या कठड्याशी गाडीतून उतरून उभा राहिलो होतो. ही घळ सुमारे तीनशे फूट खोल आहे असे सांगण्यात आले. मी मान डोलावली. तीनशे फूट ही माझ्यासाठी एक संख्याच होती. पाचशे सांगितले असते तरी मी तितकीच मान डोलावली असती. रजत प्रपातासमोर उभा राहिलो तेव्हा मात्र चाळीस-पन्नास फूट म्हणजे काय हे माझ्या गुडघ्यांना नुकतेच कळलेले होते, आणि त्या मापाने समोरचा कडा मोजू गेलो तेव्हा मापच अपुरे पडले. खोली जाणवावयास आधी थोडे उतरावे लागते. ही काही काव्यात्म कल्पना नव्हे. ज्याने विहिरीत उतरून पाणी काढले आहे त्यास हे सांगावेच लागणार नाही.

मराठी डोळ्याला येथे आणखी एक गोष्ट नवी असते, आणि तीही चालताना अधिक स्पष्ट होते. सह्याद्रीचा कडा काळ्या बेसाल्टचा. लाव्ह्याच्या थरांवर थर बसून झालेला, म्हणून पायऱ्यापायऱ्यांचा. त्याचे वय सुमारे साडेसहा कोटी वर्षे. पचमढीचे डोंगर वालुकाश्माचे आहेत, प्राचीन नद्यांनी वाहून आणलेल्या वाळूचे. आणि ते वीस कोटी वर्षांहूनही जुने आहेत. हा दगड झिजतो तो गोलाई घेऊन, आणि तुटतो तो सरळ उभा. म्हणून माथा मवाळ आणि घळ अरुंद, भिंतींची. वाटेवर बोटांनी खडक घासला तर वाळू हाताला लागते. वीस कोटी वर्षांपूर्वीच्या नदीची वाळू तळहातावर घेऊन आजच्या ओढ्याकाठी उभे राहता येते, ही सोय कठड्याच्या लोखंडी नळीला हात लावून मिळत नाही.

आता या पाहण्याच्या रीतीच्या इतिहासाकडे वळू. कॅप्टन जेम्स फोर्सिथ या इंग्रज अधिकाऱ्याने पचमढीचा 'शोध' लावला, असे येथील प्रत्येक वाटाड्या सांगतो. फोर्सिथने १८६२ साली येथे बायसन लॉज बांधला. मध्य भारताच्या डोंगराळ प्रदेशावरील त्याचा प्रसिद्ध ग्रंथ १८७१ साली, म्हणजे त्याच्या मृत्यूच्याच वर्षी, प्रकाशित झाला. ज्या कड्यावरून त्याने हे पठार पाहिले असे सांगतात त्यास दीर्घकाळ फोर्सिथ पॉइंट म्हणत. पुढे त्याचेच नाव प्रियदर्शिनी झाले. परंतु शोधाच्या या कथेतला मौजेचा भाग असा की, फोर्सिथने स्वतः या डोंगरांना महादेवाचे डोंगर असेच म्हटले आहे. ज्याचे नाव आधीपासून ठाऊक होते त्याचा शोध तो कसला? त्याच्या येण्याच्या अवघी चार वर्षे आधी, १८५८ च्या ऑक्टोबरात, तात्या टोपे नर्मदा ओलांडून याच सातपुड्यात शिरले होते, आणि त्यांना साह्य करणारा म्हणून ज्याची आठवण येथे सांगितली जाते, त्या राजा भभूतसिंह या कोरकू पुढाऱ्याचे नाव २०२५ साली पचमढीच्या अभयारण्यास देण्यात आले. रस्ता, लष्करी छावणी आणि बंगले मागाहून आले. वाटा आधीच्या होत्या.

तरीही फोर्सिथवर अन्याय करू नये. तो येथे मोटारीतून आलेला नव्हता. साल आणि साग यांचा भेद त्याने पायाखालीच जाणला होता, आणि १८६५ साली लगतचे बोरीचे जंगल राखीव झाले त्या काळी रान राखावे असे म्हणणारांत तो होता. त्या राखण्यातच डोंगरउतारावर फिरती शेती करणारांचे रान हिरावले गेले, हेही खरे. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या हातून घडल्या आणि त्यांपैकी एक विसरून दुसरीचे कौतुक करता येत नाही. आपण मात्र त्याच्याकडून वारसा म्हणून फक्त कठडा घेतला. नाव फोर्सिथचे जाऊन प्रियदर्शिनीचे झाले, मडमांच्या कुंडाचे अप्सरा विहार झाले. नावे स्वदेशी झाली. पाहण्याची रीत मात्र साहेबाच्या सुट्टीची राहिली, आणि त्यातलीही पायपीट तेवढी गाळून.

मराठी भाषकांचा या डोंगराशी असलेला संबंध दुहेरी आहे. १ नोव्हेंबर १९५६ पूर्वी नागपूर ही ज्या प्रांताची राजधानी होती, त्याच प्रांतात पचमढी होती आणि उन्हाळ्यात सरकार तेथे जात असे. त्यामुळे नागपूरच्या जुन्या घरांतून पचमढीचा उल्लेख अजून आपल्या गावासारखा होतो. हा झाला कचेरीचा संबंध. दुसरा त्याहून पुष्कळ जुना आहे. विदर्भातले शेतकरी आणि मजूर महाशिवरात्रीला महादेवाच्या यात्रेस येथे येतात, नवस फेडण्यासाठी लोखंडी त्रिशूल खांद्यावर घेऊन चौरागडाच्या तेराशेच्या आसपास पायऱ्या चढतात. आणि नागपंचमीच्या सुमारास, एरवी बंद असलेले रान काही दिवस खुले होते तेव्हा, भर पावसात डोंगरामागून डोंगर ओलांडून नागद्वाराला जातात. छिंदवाडा जिल्ह्यात जुन्नारदेवजवळ या यात्रेचा जो आरंभीचा टप्पा आहे, त्यास तेथील हिंदी भाषकही 'पहली पायरी' असेच म्हणतात. पर्यटनाच्या नकाशावर पचमढीचा आरंभ पिपरियाच्या रेल्वे स्टेशनाने होतो. यात्रेच्या नकाशावर तो एका पायरीने होतो.

येथवर आल्यावर माझा लेख सोपा व्हावयास हवा होता. एकीकडे गाडीतून उतरून छायाचित्र घेणारा प्रवासी, दुसरीकडे अनवाणी चालणारा यात्रेकरू. पहिल्याने काही पाहिले नाही, दुसऱ्याने सारे पाहिले. असे लिहिण्याच्या तयारीनेच मी चौरागडाच्या पायथ्याशी बसलेल्या एका वृद्ध बाईंशी बोलू लागलो. त्या वरूडकडच्या होत्या. संत्र्याच्या बागेत मजुरी करणाऱ्या. गेली कित्येक वर्षे न चुकता येणाऱ्या. मी विचारले, "आजी, वरून दरी कशी दिसते?" त्या माझ्याकडे पाहत राहिल्या, आणि म्हणाल्या, "दरी? पायाखाली पाहू का दरी पाहू, बाप्पा? तिरसूल खांद्यावर, नजर पायरीवर!"

या उत्तराने माझी घडी विस्कटली. इतक्या वर्षांत त्या बाईंनी दरी पाहिलीच नव्हती. आणि त्यांना तिची खंतही नव्हती, कारण त्या दरीसाठी आलेल्या नव्हत्या. चालण्याने आपोआप दृष्टी येते, हे माझे गृहीतक खोटे ठरले. ओझे असलेल्या माणसाला वाट पुरेशी असते, दृश्य परवडत नाही. निवांतपणे थांबून, काही मागावयाचे नाही आणि काही फेडावयाचे नाही अशा मनाने दरीकडे पाहणे, ही गोष्ट आपल्याकडे सर्वांना मिळत नव्हती, आणि ती सार्वजनिक केली ती या कठड्यांनीच, हे मान्य केले पाहिजे. कठड्याशी उभ्या असलेल्या गर्दीत मला शाळेच्या सहलीची मुले दिसली, पहिल्यांदाच डोंगर पाहणाऱ्या सासू-सुना दिसल्या. त्यांना हिणविण्याचा अधिकार मला नाही. तेव्हा माझी तक्रार थांबण्याविरुद्ध नाही. थांबावे, पण काहीतरी चालून आल्यावर थांबावे, एवढेच. वीस मिनिटे हे माप मला म्हणूनच योग्य वाटते. ते नवसाचे ओझे नव्हे आणि खिडकीतले चित्रही नव्हे.

माझ्याबरोबर रजत प्रपातापर्यंत आलेला वाटाड्या कोरकू तरुण होता. कोरकू ही मुंडा कुळातली भाषा, त्या कुळाच्या अगदी पश्चिम टोकावरची. आपल्या मेळघाटातही ती बोलली जाते. याच डोंगरात गोंडी बोलणारे लोक आहेत, म्हणजे द्राविड कुळ आले. आणि हिंदी-मराठीचे आर्य कुळ तर आहेच. भारतातील भाषांची तीन कुळे एका जीपमध्ये बसू शकावीत असा हा प्रदेश. पण वाटेवरचे फलक पाहावेत तर त्यांवर पॉइंटांची नावे आणि अंतरे यांखेरीज काही नाही. ज्या वळणावर शेकरू दिसले त्या वळणाला काही नाव आहे काय, असे मी त्या तरुणाला विचारले. तो प्रथम नाही म्हणाला. मग थोडे चालून झाल्यावर म्हणाला की त्याची आजी त्यास एका नावाने ओळखत असे. ते नाव त्याने उच्चारले. मी वही काढली. त्याने दोनदा, तीनदा म्हणून दाखविले. शब्दाच्या शेवटी आवाज गळ्यातच थबकतो, आणि त्या थबकण्यासाठी देवनागरीत मला अक्षर सापडले नाही. मी जे लिहिले ते वाचून दाखविताच तो हसला.

त्याचे कुटुंब आता त्या रानात राहत नाही. सातपुडा व्याघ्र प्रकल्पातून गेल्या दोन दशकांत अनेक गावांचे स्थलांतर झाले, त्यांत त्याच्या आजोळचे गावही होते. या स्थलांतराविषयी मी येथे निकाल देऊ इच्छीत नाही. वाघाला आणि गव्याला मोकळी जागा मिळाली हे खरे, आणि नव्या वस्तीपासून शाळा व दवाखाना जवळ आहेत हे त्या तरुणाने स्वतःच सांगितले. परत जावयाचे काय, या प्रश्नावर त्याने मान हलविली. पण गाव उठले की वाटा बुजतात, आणि वाटांबरोबर वळणांची नावे. ती नावे रस्त्याच्या कंत्राटात येत नाहीत. आपल्या सह्याद्रीत कोकणकडा म्हटले की खाली काय आहे हे नावातूनच कळते. नानाचा अंगठा म्हटले की आकार डोळ्यांपुढे उभा राहतो. टोक, सोंड, माची, खिंड, नेढे हे शब्द चालणारांनी केले. चालणे थांबलेल्या भाषेला असे शब्द नव्याने होत नाहीत. तिला मग एक, दोन, तीन असे पॉइंट मोजावे लागतात.

माझी मागणी मर्यादित आहे. झालेले रस्ते उखडावेत असे मी म्हणत नाही. पण डोंगरात जो नवा रस्ता होईल, तो कड्याच्या किमान एक किलोमीटर अलीकडे थांबवावा, आणि पुढची वाट मातीचीच ठेवावी. चिखलदऱ्याला दोन कड्यांना जोडणाऱ्या काचेच्या पुलाची योजना हाती घेण्यात आली तेव्हा विदर्भात तिचे मोठे स्वागत झाले. दरीवर काच टाकून पायाखाली दरी दाखविण्याने प्रवासी वाढतीलही. परंतु खोली कळण्यासाठी लागणारा उतार त्यात नाही.

यावर वृद्धांचे आणि अपंगांचे काय, असे कोणी विचारील. हा आक्षेप खरा आहे, आणि आपण डोंगरप्रेमी त्यास फार हलकेपणाने उडवून लावतो. माथेरानमध्ये मोटारी दस्तुरी नाक्यावर थांबविल्या, हे आपण अभिमानाने सांगतो. पण तेथे पुष्कळ काळ एक माणूस दुसऱ्या माणसाला रिक्षात बसवून ओढीत होता, आणि ही प्रथा सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयास २०२५ च्या ऑगस्टमध्ये द्यावा लागला. दुसऱ्याच्या पायांनी चालून पायवाटेचा आग्रह धरणे शोभत नाही. ज्यांना चालता येत नाही त्यांच्यासाठी विजेवरचे लहान वाहन असावे, तेवढ्यापुरता मार्ग असावा. माथेरानात असा प्रयोग २०२२ पासून सुरू झाला, त्याच्या चुका पाहून तो सुधारून घेता येईल. सवलत गरजूंसाठी राहावी, तिचाच नियम करून सर्वांना कड्यापर्यंत पोहोचवू नये, इतके भान मात्र ठेवावे लागेल.

दुसरी मागणी भाषेची, आणि ती या पानांच्या वाचकांकडे अधिक आहे. पायवाटेच्या प्रत्येक वळणाला कोरकू वा गोंडीत जे नाव असेल ते विचारून घ्यावे आणि फलकावर लिहावे. ज्यांना ही नावे ठाऊक आहेत ते लोक आता नव्या वस्त्यांत राहतात, आणि त्यांतले बरेच वृद्ध आहेत. तेव्हा या कामाला फार वेळ नाही. देवनागरीत त्यांचे उच्चार नीट बसत नसतील तर एखादी खूण ठरवावी लागेल. मुंडा भाषांच्या अभ्यासकांनी ही अडचण रोमन लिपीत केव्हाच सोडविलेली आहे. आपल्या विद्यापीठांतील भाषाविभागांनी एका उन्हाळ्याच्या सुट्टीत चार विद्यार्थी पचमढीला धाडले तरी आरंभ होण्यासारखा आहे. त्यांना राहावयास जागा स्वस्त मिळते, आणि रजत प्रपाताच्या वाटेवरच्या त्या वळणापासून सुरुवात करावयास माझी हरकत नाही. माझ्या वहीतले नाव तेथे दुरुस्त करून मिळेल.